पॅरामाटाचा पारखी

सिडनीतल्या आपल्या मंडळींत आता अशी घरे बरीच झाली आहेत, की जिथे आजोबांना गावसकरच्या शतकांचा हिशेब तोंडपाठ असतो आणि नातू मात्र हातात चामड्याचा भला मोठा पंजा घालून बागेत चेंडू झेलायला जातो. आजोबा विचारतात, "हा कसला रे खेळ? स्टंप नाहीत, बॅट गोल, आणि मारल्यावर पळायचं तरी कुठे?" नातू इंग्रजीत समजावतो, आजोबा मराठीत ऐकतात, तेवढ्यात चहा येतो आणि विषय राहून जातो. म्हणून या अंकात आम्ही दोघांच्याही उपयोगी पडेल असे काही लिहायचे ठरवले. मुलांना देवनागरी वाचायचा कंटाळा आला तर आजीने वाचून दाखवावे.

नियमांत फार शिरत नाही. मैदानात एक चौकट आखलेली असते. तिच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, त्यांना बेस म्हणतात. एका ठाण्यापासून दुसरे ९० फुटांवर. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. तो उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरून टप्पा न पाडता फेकतो. बॅटवाल्याने तो टोलवायचा, तीन ठाणी घ्यायची आणि निघालो तिथे परत यायचे, की झाली एक धाव. त्या शेवटच्या ठाण्याला तेही घरच म्हणतात. घर सोडून निघायचे, आणि घरी पोहोचले तरच मोजणी! आपल्यासारख्यांना हा नियम समजायला जड जाऊ नये.

आता मूळ विषय. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या क्लबाची काही माणसे वर्षभर गावोगाव, देशोदेशी हिंडत असतात. अंगावर साधे कपडे, डोक्याला टोपी. मैदानात आली की ती घरच्या ठाण्यामागे, जाळीच्या आड जागा धरतात. एका हातात सेकंद मोजायचे घड्याळ, दुसऱ्या हातात चेंडूचा वेग दाखवणारे रडारचे यंत्र, मांडीवर वही. ही माणसे टाळ्या वाजवत नाहीत. कोण जिंकले हेही त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. त्यांना स्काऊट म्हणतात, आपण पारखी म्हणू. आपण शनवार तेल्यांची लेकरे. मूठभर तीळ तळहातावर चोळून घाण्यातून तेल किती उतरेल ते सांगणारे बुजुर्ग आपल्यातही होते, तेव्हा पारख म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिळाचे एक बरे असते, तो आजच तेल देतो. इथे सोळा वर्षांच्या पोराकडे बघून तो चोविसाव्या वर्षी कसा निघेल ते लिहून द्यायचे. पाच गोष्टी बघतात: चेंडू बॅटवर येतो का, टोला किती लांब जातो, पळतो कसा, फेकतो कसा, झेलतो कसा. प्रत्येकाला २० ते ८० मध्ये मार्क. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला मध्यम खेळाडू. मुलांनो, शाळेत ५० मिळाले तर घरी बोलणी बसतात, इथे ५० मिळाले तर पोटापाण्याची सोय होते! उजव्या हाताने खेळणारा टोला मारून पहिल्या ठाण्यावर ४.३ सेकंदांच्या आसपास पोहोचला तर तो पळण्यात मध्यम धरतात. पण घड्याळात न दिसणारे जे काही, म्हणजे पोरगा चुकल्यावर मान खाली घालतो की पुढच्या चेंडूकडे बघतो, तेही वहीत लिहावे लागते. खरी पारख तिथेच लागते, असे आमचे मत आहे.

या धंद्यात अगदी वरच्या खुर्चीपर्यंत गेलेला एक माणूस आपल्याच शहरातला आहे. त्यांचे नाव क्रेग शिप्ली. जन्म ७ जानेवारी १९६३ चा, पॅरामाटाचा. आज पॅरामाटा म्हटले की आपल्याला शेजारच्या हॅरिस पार्कमधली मिठाईची आणि साड्यांची दुकाने आठवतात. शिप्ली लहान होते तेव्हा तसे काही नव्हते.

त्या काळी ऑस्ट्रेलियात बेसबॉल नव्हता असे मात्र नाही. १८८८ च्या डिसेंबरात स्पॉल्डिंग नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतले दोन संघ सिडनीला आणून सामने केले होते. राज्या-राज्यांतली क्लॅक्स्टन शील्ड १९३४ पासून चालू झाली. पण पुष्कळ वर्षे तो क्रिकेटवाल्यांचा हिवाळ्यातला खेळ राहिला. इयन चॅपेल आठवतात ना? ते दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बेसबॉल संघात कॅचर होते. आणि नॉर्म ओ'नील, ज्याने १९६० च्या जानेवारीत मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर १६३ धावा ठोकल्या, त्याच्यावर न्यूयॉर्क यांकीज या बड्या क्लबाचा डोळा होता. तो क्रिकेटमध्येच राहिला. ब्रेबर्नवर त्या दिवशी हजर असलेले कुणी आजोबा आपल्यात असतील तर त्यांनी नातवाला हे जरूर सांगावे, भाव वाढेल.

अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन फार जुना, जो क्विन. क्वीन्सलंडातल्या इप्स्विचमध्ये १८६२ साली जन्मलेला. तो १८८४ पासून १९०१ पर्यंत खेळला. १८९९ साली क्लीव्हलंड स्पायडर्स या संघाचा कारभार अर्ध्यातून त्याच्या गळ्यात पडला. त्या संघाने १५४ पैकी १३४ सामने गमावले. इतका वाईट हंगाम मोठ्या लीगमध्ये आजवर दुसऱ्या कुणाचा झालेला नाही. क्विनचा जोडधंदा होता मयतीचे सामान आणि दफनाची व्यवस्था करण्याचा. यावर आम्ही काही बोलत नाही.

त्याच्यानंतर ८५ वर्षे एकही ऑस्ट्रेलियन त्या लीगमध्ये नव्हता. शिप्ली अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात शिकायला आणि खेळायला गेले. १९८४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सने त्यांच्याशी करार केला आणि १९८६ च्या जूनमध्ये ते मोठ्या लीगच्या मैदानात उतरले. डॉजर्स हा क्लब आपल्या लोकांना दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असतो. याच क्लबाचा पिचर सँडी कूफॅक्स याने १९६५ साली वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना दारफळणीच्या सणाला आला म्हणून खेळायला नकार दिला होता. मुलांनी योम किप्पूरच्या निबंधात ही गोष्ट यापूर्वी बऱ्याचदा लिहिली आहे, तेव्हा ती इथेच थांबवतो.

शिप्ली मोठे नामवंत खेळाडू झाले का? खरे सांगायचे तर नाही. ११ हंगामांत ते पाच क्लबांकडून खेळले: डॉजर्स, मेट्स, पाड्रेस, अॅस्ट्रोज आणि एंजल्स. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यामधली जागा ही त्यांची मूळची, पण गरज पडेल तिथे त्यांना उभे करीत. आपल्या घरी लग्नकार्यात एखादा मामा असतो ना, जो आचाऱ्याला कांदे चिरून देतो, खुर्च्या मांडतो आणि वाढायलाही उभा राहतो, तसा हरकाम्या खेळाडू. एका वर्षी मात्र बॅट तळपली. १९९४ साली सॅन दिएगो पाड्रेसकडून त्यांची सरासरी .३३३ होती, म्हणजे दर तीन वेळांत एकदा यशस्वी टोला. बेसबॉलमध्ये हे फार झाले. आणि नेमका त्याच वर्षी ऑगस्टात खेळाडूंचा संप झाला आणि हंगाम अर्धवट संपला. त्या डिसेंबरात दोन क्लबांनी एकदम १२ खेळाडूंची अदलाबदल केली, त्यात शिप्लीही ह्यूस्टनला गेले. विचारायला कुणी येत नाही, सामान बांधायचे आणि निघायचे.

नशिबाचा खेळ बघा. १९८८ च्या एप्रिलमध्ये डॉजर्सने त्यांना मेट्सला देऊन टाकले, आणि त्याच वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले. १९९७ पर्यंत ते पाड्रेसकडे होते. १९९८ ला एंजल्सकडे गेले, आणि त्याच वर्षी पाड्रेस वर्ल्ड सिरीजच्या अंतिम फेरीत पोहोचले. हे निघाले की मागे वरात! पण अशा माणसाच्या पदरात एक गोष्ट पडते. तो बाकावर फार बसतो आणि बसून बघतो. पाच क्लबांत कोण कसे शिकवतो, कुठला गुणी पोरगा कशाने बिघडतो, हे त्याने जवळून पाहिलेले असते. चमकणाऱ्या खेळाडूला दुसऱ्याकडे बघायला फुरसत कुठे असते?

खेळणे थांबल्यावर शिप्ली पारख्यांच्या कामात शिरले आणि पुढे बॉस्टन रेड सॉक्स या क्लबात गेले. तिथे जनरल मॅनेजर होता थिओ एपस्टीन, आपल्याच समाजातला. २००२ च्या नोव्हेंबरात ही खुर्ची मिळाली तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. रेड सॉक्स १९१८ पासून वर्ल्ड सिरीज जिंकले नव्हते. २००४ साली ८६ वर्षांनी जिंकले आणि २००७ साली पुन्हा. जे खेळाडू म्हणून मिळाले नाही ते शिप्लींना कचेरीत बसून दोनदा मिळाले. कचेरीत बसून म्हणायचे आपले. परदेशातील खेळाडू शोधणाऱ्या खात्याचे ते उपाध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा बराच वेळ विमानात आणि परक्या मैदानांवर जात असणार.

त्यांच्या खात्यात आणखी एक ऑस्ट्रेलियन होते, जॉन डीबल. पॅसिफिक महासागराच्या या बाजूचे देश, म्हणजे जपान, कोरिया, तैवान, ऑस्ट्रेलिया, ही त्यांची आळी. हेच डीबल ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजरही होते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत त्यांच्या संघासमोर जपान आला. जपानने देशातले निवडक व्यावसायिक खेळाडू पाठवले होते आणि पिचर होता दाइसुके मात्सुझाका. शाळेत असताना १९९८ साली १७ डाव चाललेल्या एका सामन्यात एकट्याने २५० चेंडू फेकून हा मुलगा सगळ्या जपानचा लाडका झाला होता. अथेन्सच्या त्या सामन्यात त्याने १३ ऑस्ट्रेलियनांना बाद केले, आणि तरी ऑस्ट्रेलिया १-० ने जिंकले. पिचर ख्रिस ऑक्सस्प्रिंगने जपानला धाव काढू दिली नाही, ब्रेंडन किंगमनच्या एका टोल्यावर एक धाव आली, ती पुरली. अंतिम सामन्यात क्यूबाने ६-२ ने हरवले. ऑलिंपिकच्या बेसबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाला मिळालेले ते एकच पदक, रुपेरी.

आता पुढची गंमत. ज्या पिचरला डीबल यांच्या पोरांनी अथेन्समध्ये हरवले, त्यालाच मिळवण्यासाठी दोन वर्षांनी डीबल यांच्या क्लबाने खजिना उघडला. त्या वेळची पद्धत अशी होती: जपानी क्लबाला खेळाडू सोडायचा असला की अमेरिकेतले क्लब बंद लिफाफ्यात रक्कम लिहून पाठवायचे. ज्याची सर्वांत मोठी, त्यालाच खेळाडूशी ३० दिवस बोलणी करायचा हक्क. नोव्हेंबर २००६ मध्ये लिफाफे उघडले तेव्हा रेड सॉक्सचा आकडा निघाला ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि वर ११ सेंट. हे फक्त त्याच्या जुन्या क्लबाला, करार जमला तर द्यायचे! मात्सुझाकाला सहा वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर वेगळे. इतक्या पैशाला कचेरीतून जो कुणी 'घ्या' म्हणतो, त्याला रात्री झोप कशी लागत असेल?

पहिली दोन वर्षे सोन्यासारखी गेली. २००७ ला १५ सामने जिंकून दिले, २००८ ला १८ जिंकले आणि तीनच हरले. पुढे खांदा, कोपर, शस्त्रक्रिया. २०१२ पर्यंत बॉस्टनमधले दिवस संपले. सौदा फायद्याचा की तोट्याचा यावर तिथले लोक अजून भांडतात.

त्याच हिवाळ्यात त्याच क्लबाने जपानातून आणखी एक पिचर आणला, त्याची बातमी फार थोड्यांनी वाचली असेल. हिदेकी ओकाजिमा. दोन वर्षांचे २५ लाख डॉलर. तो चेंडू सोडताना मान खाली घालून जमिनीकडे बघायचा, शिकवणारा कुणीही गुरुजी कपाळाला हात लावेल अशी लकब. मोठ्या लीगमधल्या त्याच्या पहिल्याच चेंडूवर होमरन बसला. पण त्यानंतर त्या हंगामात तो असा काही खेळला की ऑल-स्टार सामन्यात त्याची निवड झाली, आणि २००७ च्या विजयात त्याचा वाटा मोठा होता. आमच्या दृष्टीने पारख म्हणजे ही. कोहिनूर महाग असतो हे सांगायला जवाहिऱ्या कशाला हवा?

पण पारख्याच्या वहीत आकडे असतात आणि आकड्यांमागे कुणाची तरी पोरे असतात, याची एक गोष्ट सांगतो. वेस्ट इंडिजच्या समुद्रात अरुबा नावाचे लहानसे बेट आहे, वस्ती लाखभर. तिथे रेड सॉक्सचा माइक लॉर्ड हा पारखी पोरे बघायला गेला. जेअर बोगार्ट्स नावाचा मुलगा त्याला आवडला. जेअर म्हणाला, माझा जुळा भाऊ पण बघा. भाऊ झँडर घरी कांजिण्यांनी पडलेला! तरी त्यालाही पाहिले. लॉर्डने वरिष्ठांना, म्हणजे शिप्लींना कळवले. शिप्ली स्वतः अरुबाला गेले आणि २००९ साली दोन्ही भावांशी करार झाला. झँडरला ४ लाख १० हजार डॉलर, जेअरला १ लाख ८० हजार. वय दोघांचे सोळा.

झँडर वयाच्या विसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला, २०१३ आणि २०१८ अशा दोन वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि २०२२ च्या डिसेंबरात पाड्रेसने त्याच्याशी ११ वर्षांचा २८ कोटी डॉलरचा करार केला. आणि जेअर? २०११ साली थिओ एपस्टीन रेड सॉक्स सोडून शिकागो कब्ज या क्लबाकडे गेला. कराराची मुदत बाकी असताना गेला म्हणून दोन क्लबांमध्ये भरपाईची देवघेव ठरली, आणि त्या देवघेवीत २०१२ च्या मार्चमध्ये जेअर बोगार्ट्सला शिकागोला पाठवले गेले. मोठ्या लीगपर्यंत तो कधी पोहोचला नाही. एका आईची दोन मुले, एकाच दिवशी जन्मलेली, एकाच पारख्याने टिपलेली. एका साहेबाच्या बदलीच्या हिशेबात त्यातला एक चिल्लर म्हणून दिला गेला. नियमाप्रमाणे सगळे बरोबर झाले. आम्हाला मात्र हे वाचून त्या आईचीच आठवण आधी होते.

जपानच्या जुनिची ताझावाचेही तसेच. २००८ च्या डिसेंबरात तो जपानी लीगमध्ये न खेळता कंपनीच्या हौशी संघातून थेट रेड सॉक्सकडे आला. जपानी क्लब चिडले. त्यांनी नियम केला, की असा जो परस्पर परदेशी जाईल, त्याला परत आल्यावर दोन किंवा तीन वर्षे जपानात घेणार नाही. तो नियम ताझावाच्याच नावाने ओळखला जाई. २०२० साली तो काढून टाकला. घर सोडून गेलेल्याला घरचे दार लावून घेण्याची रीत जगात सगळीकडे आहे.

इथेच आम्ही आईबापांशी दोन शब्द बोलणार. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मुलाशी अमेरिकन क्लब सोळाव्या वर्षापासून करार करू शकतात. करार झाला की मुलगा खालच्या दर्जाच्या लीगमध्ये जातो, तिथून वर चढायला चार-पाच वर्षे सहज लागतात, आणि बहुतेक मुले शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत. शिप्ली स्वतः आधी विद्यापीठात गेले, मग करार केला. घाई करून सही करणारे चुकतात असे आम्ही म्हणत नाही. कुणाकुणाच्या घरची परिस्थिती थांबू देत नाही. पण पुढे शिकायचे झाल्यास कॉलेजची फी क्लबाने भरावी असे कलम करारात घालता येते. ते घातले आहे का, एवढे बापाने चष्मा लावून नीट वाचावे. पारखी सज्जन असला तरी तो क्लबाचा नोकर असतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेचे, आपल्याकडे कुठे असे? आहे तर! २००२ साली क्रिकेट बोर्डाने लहान गावांतले खेळाडू हुडकायला एक खाते काढले. कल्पना मुंबईचे पत्रकार मकरंद वायंगणकर यांची आणि अध्यक्ष दिलीप वेंगसरकर. जुन्या खेळाडूंना वह्या देऊन देशभर पाठवले. त्यातले बंगालचे प्रकाश पोद्दार २००३ साली जमशेदपूरला एक सामना बघायला गेले आणि एका केसाळ यष्टिरक्षकाविषयी अहवाल लिहून आले. तो होता महेंद्रसिंग धोनी. पोद्दार किंवा शिप्ली, काम एकच. फक्त आपल्याकडे दौऱ्याचा भत्ता कमी.

बेसबॉलवाले भारतातही येऊन गेले. २००८ साली चेंडू जोरात फेकण्याची एक स्पर्धा झाली, तिथे रे पॉइटेविंट नावाचा मुरलेला अमेरिकन पारखी पोरे बघत होता. हजारोंतून दोन निघाले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मोठ्या लीगमध्ये दोघेही पोहोचले नाहीत, पण रिंकू ऑस्ट्रेलियन लीगमध्ये येऊन खेळला, २०१०-११ च्या उन्हाळ्यात कॅनबेराकडून. पुढे तो कुस्तीच्या टीव्ही-आखाड्यात गेला. मुलांनी त्याला वीर महान या नावाने पाहिले असेल, कपाळावर गंध लावून गर्जना करताना. भदोहीच्या त्या पोराने एका आयुष्यात तीन धंदे केले, आणि ते आम्हाला मुळीच अपयश वाटत नाही.

शिप्ली पुढे अॅरिझोना डायमंडबॅक्स या क्लबात जनरल मॅनेजरचे खास सहायक झाले. २०१४ च्या मार्चमध्ये अमेरिकन लीगच्या हंगामाचे पहिले दोन सामने सिडनी क्रिकेट ग्राउंडवर झाले, तेव्हा समोरासमोर होते तेच दोन क्लब, ज्यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले: जिथे सुरुवात केली ते डॉजर्स आणि जिथे काम मिळाले ते डायमंडबॅक्स. पिचरच्या उंचवट्यासाठी माती अमेरिकेहून आणली होती. ब्रॅडमनच्या मैदानावर परदेशची माती! डॉजर्सने दोन्ही सामने जिंकले, ३-१ आणि ७-५.

आणि २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकन क्लबांनी नवीन खेळाडू वाटून घेतले, तेव्हा साऱ्या यादीत पहिल्या क्रमांकाला नाव पुकारले गेले ट्रॅव्हिस बझाना याचे. सिडनीच्या उत्तरेकडचा टुरामुराचा मुलगा. शिप्लींसारखाच अमेरिकेतल्या विद्यापीठात, ओरेगन स्टेटमध्ये, खेळून पुढे आलेला. यादीत पहिला येणारा तो पहिलाच ऑस्ट्रेलियन. आणि त्याला घेतले कुठल्या शहराने? क्लीव्हलंडने. १८९९ साली जिथे आपला जो क्विन १३४ पराभवांचा धनी झाला होता, तेच गाव. क्लब अर्थात दुसरा.

ज्यांना हा खेळ डोळ्यांनी बघायचा असेल त्यांनी उन्हाळ्यात ब्लॅकटाऊनला जावे. २००० च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले मैदान आहे, सिडनी ब्लू सॉक्सचे सामने तिथे होतात. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी आपल्यापैकी काहींना जमणार नाही, त्यांनी रविवारचा सामना बघून तारीख ठरवावी. टोपी आणि पाण्याची बाटली न्यावी, उशी नेली तर उत्तम, बाके कडक असतात. घरच्या ठाण्यामागे, जाळीच्या आड, हातात यंत्र आणि मांडीवर वही घेतलेला माणूस दिसला तर तो कोण हे आता नातवाने आजोबांना सांगायची गरज नाही. मुलांनी त्याच्याशी बोलायला हरकत नाही. मात्र डाव चालू असताना नको, दोन डावांच्या मध्ये.